किंग हेन्रीज रोडवरचं घर आणि कॅम्डेनची मतपेटी

ऑक्टोबर २०१८ मध्ये लंडनच्या कॅम्डेन बरो कौन्सिलने महाराष्ट्र सरकारचा एक अर्ज फेटाळला. अर्ज होता १०, किंग हेन्रीज रोड या घराबद्दलचा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना, १९२१-२२ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये तीस लाखांहून अधिक पौंड मोजून ते विकत घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते स्मारक म्हणून त्याचं उद्घाटन झालं. पण कौन्सिलच्या दप्तरी ते राहतं घरच होतं. राहत्या घराचं संग्रहालय करायचं तर तशी परवानगी लागते. ती मागाहून मागितली गेली आणि कौन्सिलने नकार दिला. कारण एका ओळीत मावणारं होतं: राहण्याची जागा कमी होते.

ही बातमी आली तेव्हा आपल्याकडे अनेकांना राग आला. ज्या माणसाने कोट्यवधी लोकांना माणूस म्हणून उभं केलं, त्याच्या स्मृतीपुढे चार खोल्यांचा हिशेब कसला मांडता, असं वाटणं स्वाभाविक होतं. मलाही तसंच वाटलं होतं. पण हे कौन्सिल कोणाचं, त्याला कोण निवडून देतं आणि राहत्या जागेबद्दल ते इतकं हट्टी का, हे शोधत गेल्यावर त्या एका ओळीमागचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास दिसू लागला. कॅम्डेनमध्ये सत्ता कधी मिळाली आणि कधी गेली हे पाहिलं, तर बहुतेक वेळा मुळाशी भाडं आणि घर हेच सापडतं.

बरो म्हणजे लंडनच्या पसाऱ्यातली एक छोटी महापालिकाच. आज असे ३२ बरो आहेत. प्राचीन सिटी ऑफ लंडन त्यांच्याहून वेगळं. कचरा, वाचनालयं, शाळा, वृद्धांची काळजी, बांधकाम परवाने आणि कौन्सिलच्या मालकीची भाड्याची घरं हे सगळं बरोच्या अखत्यारीत येतं. ही शेवटची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आपल्याकडे महापालिका पाणी देते, रस्ते करते, पण सामान्य माणसाची घरमालक क्वचितच असते. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात कौन्सिल लाखो कुटुंबांची घरमालक झाली. त्यामुळे नगरसेवक निवडताना माणूस बऱ्याचदा आपला घरमालकच निवडत होता.

कॅम्डेन हे नाव बरो म्हणून १९६५ पासूनचं. त्याआधी या भागात तीन बरो होते. १८९९ च्या कायद्याने लंडनमधल्या जुन्या पॅरिश व्यवस्थेच्या जागी २८ महानगरीय बरो आले आणि नोव्हेंबर १९०० मध्ये त्यांच्या पहिल्या निवडणुका झाल्या. त्यातलं हॅम्पस्टेड उत्तरेच्या टेकडीवर वसलेलं, सुखवस्तू, लेखक-डॉक्टर-वकिलांचं. होल्बर्न क्षेत्रफळाने चिमुकलं. ब्रिटिश म्युझियम आणि वकिलांच्या संस्था याच्याच पोटात. आणि मधलं सेंट पँक्रस, जिथे युस्टन, सेंट पँक्रस आणि किंग्ज क्रॉस अशी तीन मोठी रेल्वे स्थानकं शेजारी-शेजारी उभी आहेत. रेल्वे आली तेव्हा कामगारांची घरं पाडून तिने वाट काढली, आणि विस्थापित माणसं उरलेल्या घरांत आणखी दाटीने राहू लागली. स्थानकांमागची सॉमर्स टाउनची वस्ती त्या दाटीसाठी कुप्रसिद्ध होती. सेंट पँक्रसच्या पहिल्या नगरसेवकांत जॉर्ज बर्नार्ड शॉ होते. नाटककार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण गटारं, दफनभूमी आणि सार्वजनिक स्वच्छतागृहं यांच्या समित्यांवर त्यांनी काही वर्षं मन लावून काम केलं.

बाबासाहेबांचं लंडन जवळजवळ सगळं आजच्या कॅम्डेनमध्ये येतं. राहायचं किंग हेन्रीज रोडवर, दिवसभर बसायचं ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात, बॅरिस्टरीसाठी जायचं ग्रेज इनमध्ये. फक्त लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स पलीकडे वेस्टमिन्स्टरच्या हद्दीत. त्या खोलीवरच्या न्याहारीत पावाचा तुकडा, थोडी मासळी आणि बोव्हरिलचा कप, आणि रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड, ही हकिकत मराठी वाचकांना ठाऊक आहे. त्यात एक गोष्ट जोडावीशी वाटते. त्या काळी बरोच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क जागेच्या ताब्याशी बांधलेला होता. १९१८ च्या कायद्याने पार्लमेंटसाठीचा मताधिकार खूप रुंदावला, पण स्थानिक निवडणुकीत मत होतं ते घराचा वा जागेचा मालक किंवा भाडेकरू म्हणून ताबा असणाऱ्याला. सामानसुमान असलेल्या खोलीत राहणारा, घरमालकिणीच्या टेबलावर जेवणारा माणूस त्या यादीत बसत नव्हता. म्हणजे ज्यांची घराची अडचण सर्वांत मोठी, तेच मतपेटीपासून दूर. १९४५ च्या कायद्याने ही भिंत पाडली आणि पार्लमेंटच्या सगळ्या मतदारांना स्थानिक मतही मिळालं.

बाबासाहेब परतल्यावर दहा-अकरा वर्षांनी, १९३४ मध्ये, सेंट पँक्रसच्या मतदारांनी एका भारतीयाला मजूर पक्षाचा नगरसेवक म्हणून निवडून दिलं. ते होते व्ही. के. कृष्ण मेनन. कालिकतचे, इंडिया लीगचे सर्वेसर्वा, भारताच्या स्वातंत्र्याची बाजू लंडनमध्ये अहोरात्र मांडणारे. युद्धकाळात स्थानिक निवडणुका स्थगित राहिल्या, त्यामुळे मुदत लांबली. मेनन १९४७ पर्यंत नगरसेवक राहिले. शिक्षण आणि सार्वजनिक वाचनालय समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. वाचनालय माणसाच्या दारापर्यंत गेलं पाहिजे यावर त्यांचा भर होता. फिरतं वाचनालय, मुलांसाठीचे विभाग यांसाठी त्यांनी झटून काम केलं. बॉम्बवर्षाव सुरू असताना हवाई हल्ल्याचे वॉर्डन म्हणूनही ते रस्त्यावर होते. १९५५ मध्ये सेंट पँक्रसने त्यांना बरोचं मानाचं नागरिकत्व दिलं. त्यांच्याआधी तो मान शॉ यांना मिळाला होता.

आपण मेनन यांना मुख्यतः १९६२ च्या चीन युद्धाच्या संदर्भात आठवतो, आणि मुंबईकरांना ते उत्तर मुंबईचे खासदार म्हणून आठवतात. १९५७ मध्ये ते तिथून निवडून आले, १९६२ मध्ये आचार्य कृपलानींना हरवून पुन्हा आले, आणि १९६७ मध्ये काँग्रेसने तिकीट नाकारल्यावर अपक्ष उभे राहून स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. पण मतदारांसमोर उभं राहणं, वॉर्डात घरोघर हिंडणं हे ते शिकले ते अंधेरी-बोरिवलीत नव्हे, युस्टन स्थानकाच्या मागच्या गल्ल्यांत. हा धागा आपल्या इतिहासलेखनात जवळजवळ हरवलेलाच आहे.

नोव्हेंबर १९४५ मध्ये नव्या मताधिकाराने पहिली निवडणूक झाली. त्याच उन्हाळ्यात मजूर पक्षाचे अ‍ॅटली पंतप्रधान झाले होते. सेंट पँक्रसही मजूर पक्षाकडे आलं. १९४९ मध्ये हुजूर पक्षाने ते परत घेतलं, १९५३ मध्ये पुन्हा मजूर. टेकडीवरच्या हॅम्पस्टेडवर मात्र हुजूर पक्षाची पकड सुटली नाही. सेंट पँक्रस असं झोके घेत राहिलं कारण तिथे दोन्ही प्रकारचे मतदार एकमेकांना खेटून राहत होते. घरपट्टी भरणाऱ्या मध्यमवर्गाला वाटायचं, आपल्या पैशावर दुसऱ्यांना स्वस्त घरं मिळतात. कौन्सिलच्या भाडेकरूला वाटायचं, आहे तेही छप्पर हिरावून घेतील.

१९५६ नंतर कौन्सिलचं नेतृत्व जॉन लॉरेन्स या कट्टर डाव्या कार्यकर्त्याकडे आलं. त्याच्या काळात सेंट पँक्रस देशभर गाजलं. हायड्रोजन बॉम्बपुढे बादल्या आणि शिरस्त्राणं घेऊन नागरी संरक्षण करणं ही लोकांची फसवणूक आहे, असं म्हणत कौन्सिलने १९५७ मध्ये त्यावरचा खर्च बंद केला. १ मे १९५८ रोजी टाउन हॉलवर लाल निशाण फडकलं. वर्तमानपत्रांनी गदारोळ केला, मजूर पक्षाच्या वरिष्ठांनी लॉरेन्सला आणि त्याच्या साथीदारांना दूर केलं. मला स्वतःला निशाणापेक्षा त्या कौन्सिलची दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते: त्यांनी भाडी वाढू दिली नाहीत. त्यासाठी सरकारी लेखापरीक्षकाने नगरसेवकांवरच वसुली लावली. इंग्लंडच्या स्थानिक कारभारातलं हे जुनं हत्यार. कौन्सिलने कायद्याबाहेर पैसा खर्च केला किंवा घ्यायला हवा तो घेतला नाही, असं लेखापरीक्षकाने ठरवलं, तर ती रक्कम नगरसेवकांना स्वतःच्या खिशातून भरावी लागे. आपले नगरसेवक कशाकशातून सहीसलामत सुटतात हे पाहिलेल्या माणसाला या तरतुदीचं आकर्षण वाटेल. पण तिचा वापर गरिबांची भाडी कमी ठेवणाऱ्यांवरच जास्त झाला, हेही तितकंच खरं.

१९५९ च्या निवडणुकीत हुजूर पक्ष सत्तेवर आला आणि त्याने भाड्याची नवी पद्धत आणली. सर्वांची भाडी चढवायची आणि मग ज्याचं उत्पन्न कमी त्याला सवलत द्यायची. सवलत हवी तर मिळकत उघड करायची. १९३० च्या मंदीत बेकारभत्त्यासाठी घरात शिरून भांडीकुंडी मोजणाऱ्या अधिकाऱ्यांची आठवण अजून ताजी होती. मिळकतीची चौकशी हा शब्दच कामगार वस्तीत शिवीसारखा होता. काही कुटुंबांचं भाडं दुपटीच्या वर गेलं. भाडेकरूंनी एकजुटीची संघटना बांधली आणि जानेवारी १९६० पासून जुनंच भाडं भरायचं, वाढीव भरायचं नाही, असा संप सुरू झाला.

महिने गेले तसा संप विरत गेला. कौन्सिलने घरं खाली करण्याच्या नोटिसा काढल्या आणि शेवटी दोन भाडेकरूंवर सगळं येऊन थांबलं: एक केंटिश टाउनमधल्या केनिस्टन हाउसमधला, दुसरा युस्टनजवळच्या रीजंट्स पार्क वसाहतीतला. दोघांनी घरात अडसर रचले. दारामागे जुनी पियानो, फर्निचर, काटेरी तारा. खाली शेजाऱ्यांचा पहारा. २२ सप्टेंबर १९६० च्या पहाटे पोलिसांच्या मोठ्या बंदोबस्तात बेलिफ, म्हणजे घर खाली करून घेणारे कोर्टाचे कर्मचारी, आले. केनिस्टन हाउसमध्ये त्यांनी छप्पर फोडून आत प्रवेश केला. त्या संध्याकाळी हजारो लोक टाउन हॉलकडे निघाले आणि युस्टन रोडवर पोलिसांशी चकमकी झाल्या. गृहमंत्री रॅब बटलर यांनी त्या भागात मोर्च्यांवर बंदी घातली. मुंबईच्या चाळींत, गिरणगावात भाड्यासाठी आणि जागेसाठी लढलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या चित्रात परकं काही वाटणार नाही.

१९६२ च्या निवडणुकीत मतदारांनी हुजूर पक्षाला घरी पाठवलं आणि मजूर पक्षाला मोठं बहुमत दिलं. भाडेकरूंना वाटलं, आता जुनी भाडी परत येतील. ती आली नाहीत. लेखापरीक्षकाच्या वसुलीची टांगती तलवार होती आणि तिजोरीचा हिशेबही जुळत नव्हता. संपकऱ्यांना हे विश्वासघातासारखं लागलं. त्यांची बाजू मला पटते, पण नव्या नगरसेवकांची कोंडीही खोटी नव्हती. ज्या मतांवर निवडून आलो ती भाड्याची, आणि भाडं ठरवण्याचा अधिकार मात्र अर्धाच आपल्या हातात, ही अडचण पुढे कॅम्डेनच्या प्रत्येक सत्ताधाऱ्याला भोगावी लागली.

१९६३ च्या कायद्याने लंडनची पुनर्रचना झाली. हॅम्पस्टेड, होल्बर्न आणि सेंट पँक्रस यांचं एकच बरो होणार होतं. तिघांपैकी कोणाचंच नाव न घेता ‘कॅम्डेन’ हे नाव पडलं. मे १९६४ मध्ये निवडणूक झाली, मजूर पक्ष जिंकला आणि १ एप्रिल १९६५ पासून नवं बरो कामाला लागलं. या जोडणीत एक मोठी गंमत घडली. होल्बर्नमध्ये माणसं थोडी, पण कचेऱ्या भरपूर, आणि कचेऱ्यांची घरपट्टीही भरपूर. सेंट पँक्रसची गरज आणि होल्बर्नचा पैसा एका तिजोरीत आले. लंडनमधल्या सर्वांत श्रीमंत बरोंत कॅम्डेनची गणना होऊ लागली.

त्या पैशातून कॅम्डेनने घरं बांधली, आणि ती कशीही बांधली नाहीत. बरोचे मुख्य वास्तुरचनाकार सिडनी कुक यांनी तरुण वास्तुरचनाकारांना एकत्र केलं आणि सांगितलं की वीस मजली खुराडी नकोत. नीव्ह ब्राउन यांची अलेक्झांड्रा रोड वसाहत ही त्यातली सर्वांत नावाजलेली. पाचशेहून अधिक घरं, रेल्वेमार्गाला पाठ करून वळणाने पसरलेली, पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकणारी. प्रत्येक घराला स्वतःचा दरवाजा थेट रस्त्यावर, प्रत्येकाला झाडं लावायला गच्ची. बांधकाम लांबलं, खर्च प्रचंड वाढला, १९७८ मध्ये चौकशीही बसली. पण १९९३ मध्ये ती वसाहत संरक्षित वास्तूंच्या यादीत आली, आणि २०१७ मध्ये, नीव्ह ब्राउन हयात असतानाच, त्यांना २०१८ चं ब्रिटनचं वास्तुकलेतलं सर्वोच्च सुवर्णपदक देण्यात आलं. भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसालाही सुंदर घर मिळालं पाहिजे, हा आग्रह एका बरो कौन्सिलने धरला आणि त्यासाठी स्वतःची तिजोरी रिकामी केली. मला त्या नगरसेवकांबद्दल आदर वाटतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

स्थानिक निवडणुकीत दिल्लीची हवा वाहते तशी तिथे वेस्टमिन्स्टरची. १९६७ च्या शेवटी पंतप्रधान विल्सन यांनी पौंडाचं अवमूल्यन केलं आणि मे १९६८ मध्ये लंडनच्या बहुतेक बरोंतून मजूर पक्ष वाहून गेला. कॅम्डेनही हुजूर पक्षाकडे गेलं. १९७१ मध्ये लाट उलटली आणि मजूर पक्ष परत आला तो पुढची ३५ वर्षं हलला नाही. त्या काळातले नेते पुढे राष्ट्रीय राजकारणात दिसतात. फ्रँक डॉबसन १९७३ ते ७५ कौन्सिलचे नेते होते; पुढे इथलेच खासदार आणि आरोग्यमंत्री झाले. केन लिव्हिंगस्टन १९७८ मध्ये इथे निवडून आले, गृहनिर्माण समितीचे अध्यक्ष झाले आणि १९८१ मध्ये सगळ्या लंडनसाठी असलेल्या ग्रेटर लंडन कौन्सिलचे प्रमुख. १९७९ च्या संपाच्या हिवाळ्यात कॅम्डेनने आपल्या कामगारांना आठवड्याला ३५ तासांसाठी किमान ६० पौंड कबूल केले. लेखापरीक्षक पुन्हा कोर्टात गेला, पण यावेळी कोर्टाने कौन्सिलची बाजू घेतली.

थॅचर यांच्या सरकारने १९८० मध्ये कौन्सिलच्या भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. ज्यांनी घेतली त्यांचं भलं झालं. पण विकलेल्या घरांच्या जागी नवी बांधायला कौन्सिलला मोकळीक नव्हती, आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसांसाठी घरं आटत गेली. पुढे घरपट्टी वाढवण्यावरही केंद्राने मर्यादा घातली. १९८५ मध्ये ज्या बरोंनी अंदाजपत्रक मंजूर न करण्याचं बंड केलं त्यांत कॅम्डेन होतं, पण जूनमध्ये त्याने माघार घेतली.

या आकड्यांच्या लढाईत एक प्रसंग मागे पडतो. कॅम्डेनकडे बेघर म्हणून आलेल्या कुटुंबांना कौन्सिल स्वस्त हॉटेलांतल्या एकेका खोलीत ठेवत होतं. त्यांत बांगलादेशी कुटुंबं बरीच. नोव्हेंबर १९८४ मध्ये अशा एका हॉटेलला आग लागली आणि एक बांगलादेशी आई आणि तिची दोन मुलं गेली. त्यानंतर तशाच खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबांनी कॅम्डेनच्या टाउन हॉलमध्येच मुक्काम ठोकला. ज्या इमारतीवर एके काळी लाल निशाण फडकलं, त्या इमारतीत बायका-मुलं अंथरुणं घालून बसली, आणि समोर सत्तेत होता तो भाडेकरूंचा म्हणवणारा पक्ष. पुढच्या काळात कॅम्डेनच्या सभागृहात बांगलादेशी वंशाचे नगरसेवक दिसू लागले. त्यांच्यापैकी नसीम अली २०१० मध्ये कौन्सिलचे नेते झाले.

मजूर पक्षाची ३५ वर्षांची सत्ता ढासळायला सुरुवात झाली तीही घरावरूनच. टोनी ब्लेअर यांच्या सरकारने कौन्सिलच्या घरांच्या दुरुस्तीसाठी पैसे देऊ केले, पण अट घातली की घरांचा कारभार वेगळ्या कंपनीकडे सोपवा. कॅम्डेनच्या नेतृत्वाने ती अट मान्य केली आणि भाडेकरूंचा कौल घेतला. जानेवारी २००४ मध्ये ७७ टक्के भाडेकरूंनी नाही म्हटलं. आज कारभार कंपनीकडे, उद्या घरंही जातील, ही भीती होती. कौल मानावा लागला आणि २८ कोटी ३० लाख पौंडांचा निधी हातचा गेला. ज्या वसाहतींनी पिढ्यान् पिढ्या मजूर पक्षाला मत दिलं, त्या वसाहती आणि पक्षाचे नेते यांच्यात अंतर पडल्याचं त्या दिवशी उघड झालं. त्यात इराक युद्धाचा राग होता, पार्किंगच्या दंडांचा वैताग होता. मे २००६ मध्ये मजूर पक्ष ३५ जागांवरून १८ वर आला. लिबरल डेमोक्रॅट्सना २०, हुजूर पक्षाला १४, ग्रीन पक्षाला २. लिबरल डेमोक्रॅट आणि हुजूर यांनी मिळून सत्ता घेतली. २०१० मध्ये स्थानिक निवडणूक सार्वत्रिक निवडणुकीच्याच दिवशी आली, मतदान वाढलं, आणि मजूर पक्ष ३० जागांसह परतला. त्याच दिवशी हॅम्पस्टेड-किलबर्नमध्ये अभिनेत्री-खासदार ग्लेंडा जॅक्सन फक्त ४२ मतांनी वाचल्या.

इथे मतदानाची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचे आकडे फसवे वाटतील. दर चार वर्षांनी मे महिन्यात सगळं सभागृह एकदमच निवडलं जातं. एका वॉर्डातून बहुधा तीन नगरसेवक, आणि मतदाराला तीन मतं. पुण्याच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा वेगवेगळ्या लढतात. इथे सगळे उमेदवार एकाच यादीत, आणि सर्वाधिक मतांचे पहिले तीन निवडून येतात. लोक सहसा तिन्ही मतं एकाच पक्षाला देतात, त्यामुळे थोड्या आघाडीवर अख्खा वॉर्ड मिळतो. २०१४ मध्ये ५४ पैकी मजूर पक्षाला ४०, हुजूर पक्षाला १२, उरलेल्या दोघांना एकेक. महापौर हा मानाचा धनी. खरी सत्ता बहुमताच्या नेत्याकडे.

१४ जून २०१७ रोजी पश्चिम लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या उंच रहिवासी इमारतीला आग लागली आणि ७२ माणसं गेली. कॅम्डेनने आपले टॉवर तपासले. अ‍ॅडलेड रोडवरच्या चॅल्कट्स वसाहतीच्या भिंतींना ग्रेनफेलमध्ये आग पसरवणाऱ्या आवरणासारखंच आवरण होतं, आणि आतही आगीपासून बचावाच्या त्रुटी निघाल्या. २३ जूनच्या रात्री चार टॉवर रिकामे करण्यात आले. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, हातात पिशव्या. कित्येकांनी रात्र सार्वजनिक सभागृहात गाद्यांवर काढली. जॉर्जिया गूल्ड यांना कौन्सिलच्या नेतेपदी येऊन जेमतेम महिना झाला होता. काही जण त्यांच्यावर भडकले, काहींनी वेळेवर बाहेर काढलं म्हणून आभार मानले. मे २०१८ मध्ये मतदारांनी मजूर पक्षाला ४३ जागा दिल्या; हुजूर ७, लिबरल डेमोक्रॅट ३, ग्रीन १.

किंग हेन्रीज रोड हा अ‍ॅडलेड रोडला समांतर, अगदी शेजारचा. चॅल्कट्सची माणसं रस्त्यावर आली त्याच्या पुढच्याच महिन्यात, जुलै २०१७ मध्ये, कॅम्डेनचा नवा विकास आराखडा लागू झाला. त्यात असलेली राहती जागा राखण्याचं धोरण स्पष्ट लिहिलेलं होतं. महाराष्ट्र सरकारच्या अर्जाला त्या धोरणाची फूटपट्टी लागली. काही शेजाऱ्यांच्या वर्दळीबद्दलच्या तक्रारीही होत्या. माझं मत विचाराल तर कौन्सिल इथे चुकलं. नियम ज्यासाठी केला त्याचं भान सुटलं. एका घराने बरोची टंचाई मिटणार नव्हती, आणि अस्पृश्यांच्या मुक्तीचा लढा लढलेल्या माणसाची खोली जपणं हे राहण्याच्या जागेहून उणं नाही. पण नियमामागे द्वेष शोधणाऱ्यांनी १९६० चं केनिस्टन हाउस, १९८४ चा टाउन हॉल आणि २०१७ ची ती रात्रही पाहायला हवी. महाराष्ट्र सरकारने अपील केलं, सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर सुनावणी झाली, आणि मार्च २०२० मध्ये गृहनिर्माण आणि स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी कौन्सिलचा नकार रद्द करून संग्रहालयाला परवानगी दिली.

मे २०२२ मध्ये वॉर्डांची फेररचना होऊन ५५ जागा झाल्या. मजूर पक्ष ४७, लिबरल डेमोक्रॅट ४, हुजूर ३, ग्रीन १. ज्या टेकडीवर हुजूर पक्षाला कधी काळी प्रचारही करावा लागत नसे, त्या हॅम्पस्टेडमध्ये त्यांच्या कौन्सिलमधल्या नेत्यालाच पराभव पत्करावा लागला.

बाबासाहेबांच्या वेळची खोलीकऱ्याला मत नाकारणारी अट आता नाही. राष्ट्रकुलातल्या देशाचा, म्हणजे भारताचाही, नागरिक रीतसर व्हिसावर तिथे राहत असेल आणि अठरा पूर्ण असेल, तर त्याला बरोच्या निवडणुकीत मत आहे. नागपूरहून किंवा लातूरहून शिकायला गेलेली मुलगी किंग हेन्रीज रोडवर एका खोलीत राहत असेल, तर तिचं नाव मतदारयादीत लागू शकतं. २०२३ पासून मतदान केंद्रावर छायाचित्राचं ओळखपत्र दाखवावं लागतं. त्यासाठी तिचा भारतीय पासपोर्ट चालतो.